पाहुणा आजारी पडला

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी दमले आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं. पुढच्या काचेवर मिठाचे डाग आहेत, ते कितीही घासले तरी पुरते जात नाहीत. माझ्यात वाळू नाही, शिंपले नाहीत, रंगीत दगड नाहीत. शोभेच्या टाकीसमोर माणसं खुर्ची ओढून बसतात. माझ्यासमोर ती वाकतात, डोळे बारीक करून पाहतात आणि उसासा टाकतात. कारण मी आजारी माशांची टाकी आहे. जो बरा झाला तो निघून गेला, आणि जो बरा झाला नाही तोही निघून गेला. राहायला म्हणून माझ्याकडे कधी कुणी आलंच नाही.

माझा जन्म काचकामाच्या एका दुकानात झाला. तिथे खिडक्यांची तावदानं आणि आरसे कापायचे. उरल्यासुरल्या तुकड्यांतून काचवाल्याने मला जमवलं, म्हणून माझ्या तीन भिंती स्वच्छ आणि एक किंचित हिरवट आहे. कुणाची बोटं कापू नयेत म्हणून त्याने माझ्या कडा दगडावर घासल्या. सांध्यांत सिलिकॉन भरलं आणि ओल्या बोटाने ते सारखं केलं. मग माझ्यात काठोकाठ पाणी ओतून मला आठ दिवस वर्तमानपत्रावर ठेवलं. आठव्या दिवशी त्याने कागद चाचपून पाहिला. कागद कोरडा होता. "पास झाली," तो म्हणाला. हे माझं पहिलं कौतुक. पुढे कौतुक फारसं वाट्याला आलं नाही.

मला खारेबुवांनी विकत घेतलं. त्यांचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. समुद्रातले, खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे ते विकत, म्हणून सगळी गल्ली त्यांना खारेबुवा म्हणे. दुकानाच्या पुढच्या भागात निळ्या उजेडाच्या मोठमोठ्या टाक्या होत्या. मला मात्र मागच्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनशेजारी जागा मिळाली. आत प्लॅस्टिकच्या पाइपाचा एक तुकडा टाकला, माशाला लपायला. एवढंच माझं सामानसुमान.

खारेबुवांचा तेव्हा एक नियम होता. नवा मासा आला की तो चार आठवडे माझ्यात राहायचा. मित्रांनो, हे मासे फार लांबून येतात. अंधाऱ्या खोक्यात, पिशवीभर पाण्यात, दिवस दिवस उपाशी. येतात तेव्हा वरून ठणठणीत दिसतात, पण आजार अंगात दबा धरून बसलेला असतो. तो बाहेर यायला वेळ लागतो. एका नासक्या आंब्याने आढी नासते, तसं एका आजारी माशाने सगळ्या टाकीचं वाटोळं होतं. म्हणून आधी माझ्याकडे मुक्काम आणि मग पुढच्या उजेडात. किती मासे मी असे पाहिले ते मोजलं नाही. बरेच वाचले. काही हातचे गेले.

पुढे माणसांना घाई झाली. "चार आठवडे? तोवर वाढदिवस होऊन जाईल हो," असं म्हणत गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली. तिथे मासा आल्या दिवशी मिळायचा. खारेबुवांनी काही महिने कळ काढली. मग एक दिवस त्यांनी माझं पाणी ओतून दिलं आणि मला बाकाखाली सरकवलं. तिथे मी तीन वर्षं होते. माझ्यात फाटकी जाळी, पाइपाचे तुकडे आणि गेलेल्या ट्यूबलाइट जमा झाल्या. एकदा एक मांजर त्यावरच तीन पिल्लं घालून बसली. खोटं कशाला बोलू, ते दिवस बरे होते.

एके दिवशी सकाळी दुकानात एक बाई आल्या. वय साठीच्या पुढे, केस घट्ट बांधलेले, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मी बाकाखालून ऐकत होते.

"माझ्या दादाने शुक्रवारी तुमच्याकडून मासा नेला," त्या म्हणाल्या. "पुढून जांभळा, मागून पिवळा. बोटाएवढा."

"हो हो. तुमचे दादा आमचं जुनं गिऱ्हाईक. कसा आहे मासा?"

"बरा नाही. अंगावर पांढरे ठिपके उठलेत, वरून मीठ भुरभुरावं तसे. दगडाला अंग घासतो. कालपासून खाल्लं नाही. आणि श्वास मोजला मी. आणला तेव्हाच्या दुप्पट आहे."

"तुम्ही श्वास मोजलात?"

"इस्पितळात चौतीस वर्षं नर्स होते. मला दुसरं येतं तरी काय? आता मला एक सांगा, हा मासा तुम्ही किती दिवस वेगळा ठेवला होता?"

खारेबुवांनी ओले हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "एकही दिवस नाही, ताई. सकाळी खोकं उघडलं, दुपारी तुमचे दादा आले. मला वाटलं, ते स्वतःच म्हणतील, थांबू या म्हणून. सगळ्यांना तेच तर शहाणपण शिकवायचे. या वेळी बोलले नाहीत, आणि मीही गप्प बसलो."

"मीही त्याला विचारलं. म्हणाला, या वेळी विसरलो." बाईंनी मान हलवली. "बरं. झालं ते झालं. आता काय करायचं ते सांगा."

खारेबुवांनी सगळं समजावून सांगितलं. आजार बरा करणारं औषध तांब्याचं असतं. ते माशाला सोसतं, पण मोठ्या टाकीतल्या गोगलगायींना आणि पोवळ्यांना ते विष. म्हणून माशाला वेगळ्या, उघड्याबोडक्या टाकीत काढायचं आणि तिथे औषध द्यायचं, रोज मोजून. कमी पडलं तर आजार जात नाही, जास्त झालं तर मासा जातो. आणि मोठ्या टाकीत अकरा आठवडे एकही मासा ठेवायचा नाही. आजाराचे जंतू माशांवर जगतात. मासाच नसला की ते उपाशी मरतात.

"अकरा आठवडे," बाई म्हणाल्या.

"कमी करून चालत नाही."

मग खारेबुवा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मला बाकाखालून ओढलं. जाळी, नळ्या सगळं बाहेर काढलं. मला तीनदा धुतलं. "ही घेऊन जा," ते म्हणाले. "हिच्या तोंडाकडे बघू नका, कामाकडे बघा. हिचं मला काही नको. तुमच्या दारात हिला मीच आणून सोडतो." आणि तीन गल्ल्या ओलांडून त्यांनी मला खांद्यावरून आणलं. वाटेत ते दोनदा टेकले. आम्ही दोघंही आता पहिल्यासारखे राहिलो नव्हतो.

त्या घरात दोनच माणसं होती, भाऊ आणि बहीण. दादा सत्तरीचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे नखांच्या कडांतलं काळं ग्रीस कायमचं. बायको वारल्यावर ते धाकट्या बहिणीकडे राहायला आले होते. बहिणीला सगळी इमारत सिस्टर म्हणे, पण दादा तिला "चिमे" अशी हाक मारत. ती पाच वर्षांची असताना ठेवलेलं ते नाव. दर्शनी खोलीत दादांची मोठी टाकी होती. तिच्यातला मासा बारा वर्षं जगून आदल्या वर्षी गेला होता. वर्षभर तिच्यात नुसते खडक, पोवळी आणि गोगलगायी होत्या. दादा तरीही रोज तिच्यासमोर बसत. मग एक दिवस ते उठून हा नवा मासा घेऊन आले आणि त्याचं नाव ठेवलं पाहुणा.

मला मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. दादांनी माझ्याखाली थर्मोकोलची पाटी घातली, मला बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावून ऐकलं. "जुनी आहे, पण काच चांगली आहे," ते म्हणाले. मग त्यांनी खारं पाणी भरून आत पाइपाचा एक तुकडा, गाळणी आणि पाणी फिरवणारा पंप बसवला. तीन वर्षांनी कुणीतरी माझ्याशी नीट वागत होतं.

पाहुण्याला पकडायला जाळं वापरायचं नाही, असं दादांनी ठरवलं. जाळ्यात मासा घाबरतो, खवलं ओरबाडतात. त्यांनी एक पारदर्शक डबा पाण्यात तिरका धरला आणि तासभर हात हलू दिला नाही. अखेर पाहुणा आपण होऊन आत शिरला. माझ्यात येताच तो पाइपाच्या तुकड्यात घुसून बसला. मी आजवर आजारी मासे खूप पाहिलेत. हा बराच आजारी होता. कल्ले भरभर हलत होते आणि जांभळा रंग फिका पडून राखेसारखा झाला होता.

कामं वाटून घेताना दोघांची थोडी वादावादी झाली.

"औषधाचं माझ्याकडे दे," चिमी म्हणाली. "माझा जन्म त्यात गेलाय."

"मासा मी आणला. घोटाळा मी केला. औषध मीच घालणार."

"बरं बाबा. घाल. पण मोजून."

"लिफ्टच्या दोरांवर माणसं सोडली मी चिमे, सात थेंब मोजता येतात मला."

असं ठरलं. सकाळी थेंब दादांनी घालायचे. दुपारी चिमीने छोट्या नळीत माझं पाणी घेऊन त्यात तपासणीचं द्रव टाकायचं, आणि जो निळा रंग येईल तो तक्त्याशी ताडून पाहायचा. पाणी बदलायचं काम तिचं. एका बादलीत खारं पाणी तयार करून ती झाकून ठेवायची. त्यात हवेची नळी सोडलेली, पाणी कोमट. "वॉर्डात एक ट्रे कायम तयार असायचा," ती म्हणाली. "लागू नये म्हणून ठेवायचा आणि लागेलच असं समजून ठेवायचा."

पहिले चार दिवस ती सकाळी दादांशेजारी उभी राहिली. सगळं सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या एका आजींच्या पायाची पट्टी बदलायला ती गेली. मित्रांनो, त्या सकाळचं मला अजून आठवतं.

दादा आले. बाटली उघडली. मोठ्याने मोजत त्यांनी सात थेंब टाकले. बाटली टेबलावर ठेवून ते बाहेर गेले. थोड्या वेळाने परत आले. बाटली दिसली तसे थबकले. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर लिहिलं होतं, सकाळी औषध, सात थेंब. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा सात थेंब मोजले. तितक्याच काळजीने, तितक्याच मोठ्याने. अर्ध्या तासाने ते तिसऱ्यांदा आले. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा घड्याळ, पुन्हा सात.

मला चार भिंती आहेत, तोंड एकही नाही. माझ्या पोटातल्या पाण्याला तांब्याची चव चढत गेली आणि मी काही करू शकले नाही. पाहुणा पाइपातून बाहेर आला, वेडावाकडा पोहला, कोपऱ्याला आपटला आणि तळाशी एका कुशीवर आडवा झाला.

चिमी वर आली ती सरळ माझ्याकडे. तिने एकदाच पाहिलं. पदर खोचला, तयार बादली ओढली आणि नळीने माझं अर्धं पाणी काढून टाकलं. कोमट खारं पाणी हळूहळू आत सोडलं. औषध शोषून घेणारी कोळशाची पिशवी गाळणीत टाकली. तासाभराने पुन्हा पाणी बदललं. आधी काढून ठेवलेल्या पाण्याची तपासणी तिने त्यानंतर केली. नळीतला निळा रंग इतका गडद आला की तक्त्यावर तसा चौकोनच नव्हता.

दादा दारात उभे होते.

"दादा, औषध घातलंस ना सकाळी?"

"घातलं."

"किती?"

"सात थेंब."

"किती वेळा?"

दादांनी टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसले. "चिमे," ते म्हणाले, "मला आठवत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. दादांनी खिशात हात घातला आणि चिठ्ठ्या काढून एकेक करून टेबलावर ठेवल्या. गॅस बंद कर. दूध आणलं आहे. किल्ली खुंटीवर. घराच्या इमारतीचा रंग, मजला, दाराचा क्रमांक. सगळ्या त्यांच्याच अक्षरात.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं असेल. गेल्या महिन्यात खारेबुवांच्या दुकानातून येताना घर सापडेना. एका पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, काका, तुम्ही आत्ताच विचारून गेलात की." ते किंचित हसले. "मासा आणतानासुद्धा काहीतरी राहतंय असं वाटत होतं. काय राहतंय ते सुचत नव्हतं. थांबायचं राहत होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नर्स आहेस. तुला सांगितलं असतं तर मी पेशंट झालो असतो."

चिमी खाली जमिनीवरच बसली, बादलीला टेकून. तिची साडी ओली झाली होती. "वॉर्डात चाळीस खाटा होत्या," ती म्हणाली. "कुणाचा डोळा जरा पिवळा दिसला तरी मला दारातून कळायचं. घरात एकच माणूस, आणि मला कळलं नाही."

माझ्या पोटात पाहुण्याचा वरचा कल्ला हलत होता. संध्याकाळपर्यंत तो सरळ झाला, पण पाइपात शिरला तो शिरलाच.

पुढचे दिवस वाईट गेले. चिमीने औषधाची बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली. सगळं ती एकटीच करू लागली. पाणी काढणं, बादल्या उचलणं, तपासणी, औषध, खाणं. वर स्वयंपाक, खालच्या आजींची पट्टी, आणि दादांना घेऊन डॉक्टरांकडे दोन खेपा. डॉक्टर म्हणाले, हा आजार बरा होत नाही, सावकाश करता येतो. औषध देऊ, बाकी तुम्ही जाणताच. ती जाणत होती. त्यामुळे तिला आणखीच थकवा येत असावा.

दादा माझ्याजवळ आले की ती म्हणे, "दादा, हात लावू नकोस हं." आवाज चढवून नाही, अगदी मऊ. तो मऊपणाच त्यांना लागत होता. ते खुर्चीत बसून राहत, हात गुडघ्यांवर ठेवून. ज्या हातांनी इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या त्या हातांना आता काही काम नव्हतं.

आणि पाहुणा खात नव्हता. ठिपके कमी झाले होते, औषध लागू पडत होतं, पण पोट खपाटीला गेलं होतं. चिमी खाणं टाकी, पाच मिनिटं थांबे, घड्याळ बघे, उरलेलं नळीने काढून घेई आणि पुढच्या कामाला लागे. सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी ती मला पुसता पुसता थांबली आणि कपाळ माझ्या काचेला टेकून उभी राहिली. तिचं कपाळ गरम होतं. "नाही जमत रे," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते मला कळलं नाही. माशाला असेल, दादांना असेल, स्वतःलाही असेल.

खुर्चीतून दादा म्हणाले, "चिमे, पंप घासतोय."

"काय?"

"पंप. आवाज ऐक. गर्र गर्र आणि मध्येच टक. सहा दिवस ऐकतोय मी. दुसरं काय काम आहे मला? तो काचेला टेकलाय. टाकी थरथरते. पाहुणा बाहेर येतो, टक झालं की परत आत जातो. मी मोजलंय."

मित्रांनो, हे अगदी खरं होतं. माझ्या हिरवट भिंतीला तो पंप दिवसरात्र धडका देत होता आणि माझी हाडं खिळखिळी झाली होती. पण मी म्हातारी, मला वाटलं हे दुखणं माझं मलाच.

चिमीने कान लावला. "मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला नाही येणार. तू नाडी ऐकलीस, मी मोटारी ऐकल्या."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग बाजूला झाली. "बघ मग," ती म्हणाली.

दादा उठले. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग पंप काढला, उघडला. आतल्या पात्यात मिठाचा खडा अडकला होता. तो त्यांनी नखाने काढला. जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून पंपाखाली आणि काचेच्या बाजूला बसवला. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण त्या हातांना सगळं ठाऊक होतं. एकदाही ते चाचपडले नाहीत. बटण सुरू केलं तेव्हा मला इतकं शांत वाटलं की काय सांगू. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं अंग स्थिर झालं.

दादा तिथेच बसून राहिले. बराच वेळ गेला. मग पाइपाच्या तोंडाशी जांभळं नाक दिसलं. पाहुणा अर्धा बाहेर आला, पूर्ण बाहेर आला. दादांनी चिमीकडे पाहिलं. तिने कोळंबीचा बारीक तुकडा चिमट्यात धरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाण्यात धरला आणि डबा धरला होता तसाच हात स्थिर ठेवला. पाहुणा जवळ आला, मागे गेला, पुन्हा आला आणि त्याने तुकडा ओढून घेतला.

"खाल्लं," दादा म्हणाले.

"खाल्लं," चिमी म्हणाली, आणि तिथल्या स्टुलावर बसून रडली. दादांनी तिला टॉवेल दिला. तो मला पुसायचा, मिठाने कडक झालेला होता. तिने त्यालाच तोंड पुसलं.

त्या दिवसापासून घरातली रीत बदलली. चिमीने भिंतीवर एक पाटी टांगली. औषध झालं की खूण, खाणं झालं की खूण. औषध ती घालायची, पण दादांनी शेजारी उभं राहून थेंब मोजायचे. खाणं भरवायचं काम पूर्णपणे दादांचं. पंपाची जबाबदारीही त्यांचीच. आणि एक नियम, काहीही करायच्या आधी मोठ्याने सांगायचं. "चिमे, मी खाणं देतोय." "दे दादा." "चिमे, मी गॅस लावतोय." "लाव, मी आहे." सुरुवातीला दादांना अवघड वाटलं. मग चिमीच बोलू लागली, "दादा, मी खाली जातेय. दादा, मी आलेय." तेव्हा त्यांचा अवघडलेपणा गेला. दोघांनी बोलायचं म्हटल्यावर तो आजाऱ्याचा नियम राहिला नाही, घराचा झाला.

अकरा आठवडे ही फार लांब गोष्ट असते. रोज तेच पाणी, तीच बादली, तेच मीठ. माझा डावा कोपरा याच काळात झिरपायला लागला. दादांनी त्याखाली फडकं लावलं आणि पाटीवर एक खूण वाढली. औषधातलं तांबं माझ्या सांध्यांत मुरलं. आता गोगलगायींना किंवा पोवळ्यांना माझ्यात कधीच ठेवता येणार नाही. मी कायमची आजाऱ्यांचीच झाले. दादांचेही काही दिवस बरे जात, काही वाईट. एका दुपारी त्यांनी चिमीला आईच्या नावाने हाक मारली. तिने ओ दिली.

बाराव्या आठवड्यात खारेबुवा स्वतः पाहायला आले. पाहुण्याचं अंग स्वच्छ होतं. जांभळा रंग इतका गडद झाला होता की पिवळा उठून दिसत होता. दादांनी पुन्हा तोच डबा घेतला आणि या खेपेला पाहुणा लगेच आत शिरला. ते त्याला दर्शनी खोलीत घेऊन गेले. मला तिकडचं दिसत नाही. खारेबुवांचा आवाज तेवढा ऐकू आला, "दुकानात पुन्हा चार आठवड्यांची पाटी लावलीय, ताई. ज्यांना थांबायचं त्यांनी यावं." मग चिमी येऊन माझं पाणी काढायला लागली.

आता मी रिकामी आहे. मला धुऊन, पुसून त्याच टेबलावर ठेवलं आहे. सकाळचं ऊन खिडकीतून माझ्या हिरवट भिंतीवर पडतं. रोज कधीतरी दादा या खोलीत येतात. माझ्यासमोर उभे राहतात आणि रिकाम्या पाइपात डोकावून पाहतात. त्यांचा चेहरा उतरतो.

"चिमे," ते हाक मारतात, "यातला पाहुणा कुठे गेला गं?"

ती कणकेचे हात तसेच घेऊन येते. कधी फार दमलेली असते, मला दिसतं ते. तरी ती म्हणते, "बरा झाला, दादा. घरी गेला."

"वाचला?"

"वाचला. तूच वाचवलास. पंप नीट करून."

दादांचा चेहरा उजळतो. ती बातमी त्यांना रोज नवी असते. मग ती त्यांचा हात धरून पाहुणा दाखवायला त्यांना दर्शनी खोलीत नेते.

मित्रांनो, मी जुनी, डाग पडलेली टाकी. मोठं ज्ञान माझ्याकडे नाही. नवा जीव घरी आणाल तेव्हा चार आठवडे कळ काढा, एवढं मात्र माझं ऐका. आणि तुमच्या घरात कुणी एकच गोष्ट दहा वेळा विचारत असेल, तर दहाव्यांदाही पहिल्यासारखीच सांगा. सांगणारा थकतो, हे मला माहीत आहे. पण ऐकणाऱ्यासाठी ती पहिलीच वेळ असते.